भाजी अंगच्या पाण्यावर शिजते तेव्हा: स्टीलच्या ‘वॉटरलेस’ भांड्यांमागचे विज्ञान

‘वॉटरलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या जाड भांड्यांत पाणी न घालता भाजी शिजते हे खरे आहे; पाण्यावाचून मात्र ती शिजत नाही. शिजवण्याचे काम तिथेही पाणीच करते, फक्त ते नळाचे नसून भाजीच्या अंगचे असते. ही भांडी बहुधा घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतली जातात आणि एका संचाची किंमत अनेक हजारांच्या घरात जाते. प्रात्यक्षिक पाहताना डोळ्यांसमोर जे घडते ते खोटे नसते, परंतु त्याचे जे स्पष्टीकरण दिले जाते त्यात विज्ञान आणि विक्रीची भाषा इतकी एकत्र झालेली असते की घरातल्या माणसाला नेमके काय पटवून घ्यावे आणि काय सोडून द्यावे हे कळेनासे होते. म्हणून त्या भांड्यात प्रत्यक्षात काय होते, ते आधी नीट पाहू.

सुरुवात भाजीपासूनच करायला हवी. शंभर ग्रॅम कोबीत सुमारे ९२ ग्रॅम पाणी असते. दुधी, तवशी (मोठी काकडी) आणि कोहळा यांत ते ९५ ग्रॅमच्या आसपास जाते, पालेभाज्या आणि तांबडा भोपळा यांत ९० च्या जवळपास असते, तर बटाट्यात ते ८० ग्रॅमपर्यंत आणि नीरफणसात ७० ग्रॅमच्या आसपास उतरते. ताज्या मासळीतही ७० ते ८० टक्के पाणीच असते. याउलट सुक्या डाळीत आणि तांदळात ते जेमतेम १० ते १२ टक्के असते. या एवढ्या आकड्यांवरूनच बिनपाण्याने काय शिजेल आणि काय शिजणार नाही याचा निम्मा निकाल लागतो, कारण भांडे कितीही भारी असले तरी जे पाणी जिनसात नाही ते त्याला बाहेर काढता येत नाही.

हे पाणी भाजीच्या पेशींत कोंडलेले असते. तापमान ६० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान पोहोचले की पेशींची पातळ आवरणे निकामी होतात, भाजी लुळी पडते आणि रस बाहेर झिरपू लागतो. यालाच आपण भाजीला पाणी सुटले म्हणतो. मीठ घातल्यास ते आणखी लवकर सुटते. हे पाणी तळाशी तापून त्याची वाफ होते, वाफ वर चढते, आणि जिथे तिला स्वतःपेक्षा थंड पृष्ठभाग मिळेल तिथे ती पुन्हा पाणी होते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते आणि ती वाफ पुन्हा पाणी होताना तितकीच उष्णता सोडून देते. वरच्या थरातल्या, अजून न तापलेल्या फोडींवर वाफ बसते तेव्हा ती सगळी उष्णता थेट त्या फोडीला मिळते. म्हणूनच तळाशी दोन चमचे पाणी असले तरी वरपर्यंत भरलेले पातेले शिजून निघते: तेच थोडे पाणी पुन्हा पुन्हा वर जाते, उष्णता देऊन खाली येते आणि पुन्हा तापते. वाफ बाहेर निसटली नाही तर हे चक्र चालू राहते, निसटली तर पाणी संपते आणि भाजी लागते. वॉटरलेस स्वयंपाकाचे सगळे कौशल्य आणि भांड्याची सगळी किंमत याच एका गोष्टीभोवती आहे.

गोव्यातल्या जुन्या स्वयंपाकघरांना हे चक्र अनोळखी नव्हते. भाजी फोडणीला टाकून पातेल्यावर खोलगट ताट ठेवायचे आणि त्या ताटात पाणी ओतायचे, ही रीत आजही कितीतरी घरांत आहे. ताटातले पाणी झाकणाला फार तापू देत नाही, त्यामुळे आतली वाफ ताटाच्या खालच्या बाजूस लागली की लगेच तिचे थेंब होऊन भाजीवर पडतात. ताटाच्या वजनाने झाकणही घट्ट बसते. पुढे भाजीला पाणी लागलेच तर ताटातले गरम झालेले पाणी हाताशी असते, म्हणजे गार पाणी ओतून भाजीची आच मोडत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर या साध्या मांडणीत आणि हजारोंच्या भांड्यात तत्त्वाचा फरक नाही, फरक आहे तो सोयीचा आणि खात्रीचा.

यापेक्षाही स्वच्छ उदाहरण तिसऱ्यांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे आहे. धुऊन घेतलेल्या तिसऱ्या कोरड्या टोपात घालून झाकण ठेवावे आणि आच मध्यम करावी. दोन-तीन मिनिटांत आतून शिंपल्यांचा एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज येऊ लागतो. झाकण काढले की सगळ्या तोंड उघडून बसलेल्या दिसतात आणि टोपाच्या तळाशी, जिथे आपण काही ओतलेच नव्हते, तिथे वाटीभर धुरकट पांढरे, खारट पाणी जमलेले असते. शिंपल्यात धरून ठेवलेले समुद्राचे पाणी आणि मांसाचा रस मिळून ते झालेले असते, आणि जाणती बाई ते फेकत नाही. खाली बसलेली वाळू टाळून वरचे निवळ ती सुक्यात किंवा तोणाकात (नारळाच्या रश्शात) वापरते. तिसऱ्या वाफेवर उघडताना पाणी न घालण्याचे कारण तिला कोणी शिकवलेले नसते, पण चव पातळ होऊ नये म्हणून ती ते घालत नाही. भाजीच्या बाबतीतही पाणी न घालण्याचा पहिला आणि सर्वांत खरा लाभ हाच आहे: चव पाण्यात जात नाही.

भांडे नेमके काय करते

आता भांड्याकडे वळू. स्टेनलेस स्टील म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेले पोलाद. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी असे पोलाद तयार केले. त्यातले क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ, न दिसणारा थर तयार करते, आणि ओरखडा गेला तरी तो थर पुन्हा आपोआप भरून येतो, म्हणून हे पोलाद गंजत नाही. स्वयंपाकासाठी ते टिकाऊ आणि स्वच्छ आहे, मात्र एका बाबतीत फार कमकुवत आहे. उष्णता पसरवण्याची त्याची क्षमता अॅल्युमिनियमच्या साधारण दहावा भाग आणि तांब्याच्या पंचविसावा भागही नसते. पातळ स्टीलच्या टोपात भाजी शेगडीच्या ज्वाळांच्या गोल वळ्याएवढ्याच जागी करपते आणि बाजूला कच्ची राहते, हे प्रत्येक घराने अनुभवलेले असते. त्याचे कारण हेच की ज्वाळेची उष्णता आडवी पसरायच्या आत वर चढून भाजीला जाळते.

यावर उपाय म्हणून स्टीलच्या दोन पत्र्यांच्या मध्ये अॅल्युमिनियमचा जाड थर घालतात. काही भांड्यांत हा थर फक्त तळाला जोडलेला असतो, काहींत तो काठापर्यंत गेलेला असतो. बाजारात दुसऱ्या प्रकाराला ट्राय-प्लाय म्हणतात आणि थर वाढले की पाच किंवा सात प्लाय. अन्नाला स्पर्श होतो तो स्टीलचा, उष्णता पसरते ती अॅल्युमिनियममधून. मंद आचेवरही संपूर्ण तळ आणि काही प्रमाणात भिंती सारख्या तापतात, त्यामुळे एकाच जागी पाणी आटून भाजी लागण्याचा धोका कमी होतो. थरांची संख्या मात्र जाहिरातीत जितकी मोठी वाटते तितकी प्रत्यक्षात निर्णायक नसते. मधल्या अॅल्युमिनियमची एकूण जाडी किती, हा खरा प्रश्न आहे; तीन थरांचे जाड भांडे सात थरांच्या पातळ भांड्यापेक्षा चांगले असू शकते.

झाकण हा दुसरा भाग, आणि माझ्या मते तळाइतकाच महत्त्वाचा. अशा भांड्यांच्या काठाला बारीक पन्हळ ठेवलेली असते आणि झाकणाची कड तिच्यात नेमकी बसते. पहिली वाफ वर येते तेव्हा ती आतली हवा बाहेर ढकलते आणि कडेच्या थंड धातूला लागून पाणी होते; ते पाणी पन्हळीत साचते आणि झाकण व काठ यांच्यामधली फट त्या पाण्यानेच बुजते. ही पाण्याची कड तयार झाली की वाफ सहज बाहेर पडत नाही. आच कमी असेल तर झाकण जागेवर शांत बसलेले दिसते, किंचित खाली ओढल्यासारखे वाटते. आच जास्त झाली तर वाफ त्या पाण्याला फोडून बाहेर येते, झाकण थडथडते, कडेला बुडबुडे येतात. हे थडथडणे म्हणजे आपली भाजी तिच्या अंगचे पाणी गमावते आहे याची सूचना असते.

इथे प्रेशर कुकरशी गल्लत होऊ नये. कुकरमध्ये दाब वाढवून पाणी १२० अंशांच्या जवळपास नेले जाते. वॉटरलेस भांड्यात दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो, त्यामुळे आतले तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही आणि मंद आचेवर ते त्याहून थोडे खालीही राहते. वेळ वाचवण्यासाठी कुकरच खरा. इथे वाचते ती चव, आणि काही अंशी पोषण.

तिसरी बाब भांड्याच्या मापाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मोठ्या टोपाच्या तळाशी मूठभर भाजी टाकली तर वरची सगळी पोकळी वाफेने भरावी लागते आणि तेवढी वाफ द्यायला त्या मूठभर भाजीत पाणीच नसते. भांडे किमान दोन तृतीयांश भरलेले असावे. कुटुंब लहान झाले तरी जुन्या मोठ्या टोपातच शिजवण्याची सवय असलेल्या घरांत महागडे भांडे आणूनही भाजी लागते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

तांबडी भाजी, पायरीपायरीने

पद्धत समजून घ्यायला तांबड्या भाजीइतके (लाल माठाइतके) चांगले उदाहरण नाही. पाने निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, चाळणीत निथळत ठेवावीत. पण कोरडी पुसू नयेत, कारण पानांना चिकटून राहिलेले थेंबच पहिल्या वाफेचे भांडवल असते. चिरणे धुतल्यानंतर करावे, आधी नव्हे. या भाजीचा लाल रंग पाण्यात सहज विरघळणारा असल्यामुळे चिरून धुतली तर लाल पाणी मोरीत जाते आणि त्या पाण्याबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात.

टोपात चमचाभर तेलावर चिरलेला कांदा आणि मिरची घालून कांदा मऊ होऊ द्यावा. मग चिरलेली भाजी दाबून काठापर्यंत भरावी. डोंगर झाला तरी चालेल, कारण ती बसणार आहे. झाकण ठेवून आच मध्यम ठेवावी, मोठी नव्हे. तीन-चार मिनिटांत झाकणाच्या कडेतून पहिली वाफ दिसते. त्याच क्षणी आच शक्य तितकी मंद करावी, आणि शेगडीवर लहान बर्नर असेल तर टोप त्यावर न्यावा, कारण मोठ्या बर्नरची ‘सिम’ आचही लहान टोपासाठी पुष्कळ असते. यानंतर झाकण उघडण्याचा मोह आवरावा लागतो. एकदा उघडले की जमलेली वाफ जाते, पन्हळीतले पाणी मोडते, आणि ते सगळे पुन्हा जमवायला भाजीला आणखी पाणी द्यावे लागते. सहा-सात मिनिटांनी झाकण काढले तर काठापर्यंत भरलेली भाजी टोपाच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलेली असते आणि भोवती गडद लाल रस असतो, ओतलेल्या पाण्यासारखा सैल नव्हे, तर भाजीला धरून राहिलेला. आता मीठ घालावे, कारण पालेभाजीचा आकार शिजण्यापूर्वी फसवतो आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते. वरून खवलेला नारळ घालून रस आळेपर्यंत एक-दोन मिनिटे उघडे ठेवले की काम झाले.

मंद आचेचे कारण एका वाक्यात सांगता येते: टोपाच्या भिंती आणि झाकण यांतून जितकी उष्णता हवेत जाते, तितकीच खालून दिली तर आतले तापमान टिकते आणि जास्त वाफ होत नाही. त्याहून अधिक दिलेली प्रत्येक उष्णता फक्त वाफ उडवण्यात खर्च होते, भाजी त्यामुळे लवकर शिजत नाही, कारण १०० अंशांवरचे पाणी जोरात उकळले म्हणून १०० अंशांहून गरम होत नाही.

तांबडा भोपळा, दुधी, कोबी, दोडकी, घोसाळी, गोव्यातल्या ताळगावची किंवा आगशीची वांगी, या सगळ्यांना ही पद्धत चांगली मानवते. बटाटा आणि नीरफणस यांच्या फोडी लहान ठेवून सुरुवातीला दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारावा; त्याने पद्धतीला बाधा येत नाही, उलट पहिली वाफ लवकर तयार होते. पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही असा हट्ट विक्रीच्या प्रात्यक्षिकात शोभतो, घरात त्याची गरज नाही.

कुठे ही पद्धत वापरू नये

प्रत्येक भाजी झाकून शिजवायची नसते. भेंडी हे त्याचे ठळक उदाहरण. गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावरची सात शिरांची भेंडी असो की साधी, तिच्यातला चिकट रस वाफेत कोंडला की सगळी भाजी बुळबुळीत होते. तिला उघडी, कोरडी परतायला हवी किंवा सोलांचा (कोकमांचा) आंबटपणा द्यायला हवा. हिरव्या पालेभाज्यांचीही एक अडचण आहे. पानांतली सौम्य आम्ले शिजताना वाफेबरोबर बाहेर पडतात, आणि झाकण घट्ट असेल तर ती आतच राहून हिरव्या रंगद्रव्यावर परिणाम करतात, त्यामुळे मेथी किंवा पालक गर्द हिरवा न राहता शेवाळी दिसतो. चव बिघडत नाही, पण रंग हवा असेल त्याने वेळ कमी करावा.

अळू आणि तेरें (रानअळू) यांच्या बाबतीत प्रश्न रंगाचा नाही. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. ती पाने भरपूर शिजावी लागतात, जोडीला आंबट लागते, आणि अंगच्या पाण्यावर दहा मिनिटांत ती खाण्याजोगी होतील असे समजणे चुकीचे ठरेल. सुरणालाही हेच लागू. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे आणि ज्यांना वैद्यांनी ऑक्झलेट कमी घ्यायला सांगितले आहे, त्यांच्यासाठी तर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देणे हीच योग्य पद्धत आहे. पाण्यात उतरलेले सगळेच राखण्यासारखे नसते.

डाळी, कडधान्ये आणि भात यांना पाणी लागतेच. पावसाळ्यात तायकिळ्याच्या (टाकळ्याच्या) भाजीत भिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या घालतात. त्या आधी वेगळ्या उकडून घ्याव्यात, पाला शिजण्याच्या वेळात त्या शिजणार नाहीत. मोड आलेले मूग मात्र मधल्या जागी आहेत. भिजताना आणि मोड येताना त्यांनी पुष्कळ पाणी पिऊन घेतलेले असते, त्यामुळे मुगागाठी, म्हणजे गोव्याकडची मोडाच्या मुगांची भाजी, अर्ध्या वाटी पाण्यावर उत्तम होतात. राजम्याबाबत मात्र सावध राहावे. कच्च्या राजम्यात पोटाला अपायकारक असे एक द्रव्य असते, ते नष्ट व्हायला पाण्याची खळखळती उकळी लागते, आणि मंद आचेच्या भांड्यातले १०० अंशांखालचे तापमान त्यासाठी भरवशाचे नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्येच शिजवावा.

आंबटाचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. भाजीचा कडकपणा ज्या पेक्टिनमुळे असतो ते आम्लात लवकर विरघळत नाही, त्यामुळे सोलं, चिंच किंवा टोमॅटो सुरुवातीला घातले तर बटाट्याच्या फोडी कितीही वेळ ठेवल्या तरी चावताना कचकच लागतात. आधी शिजू द्यावे आणि सोलं शेवटी घालावीत. गोव्यातल्या स्वयंपाकात सोलं उतरवतानाच घालण्याची जी पद्धत आहे तिला हेही एक कारण आहे.

पोषण, तेल आणि गॅस: दाव्यांची तपासणी

क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातली इतर काही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकले तर त्यांचा मोठा भाग वाया जातो. अंगच्या पाण्यावर शिजवली तर तो भाग रसातच राहतो आणि रस आपण खातो. एवढे निर्विवाद आहे. पण क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेनेही नष्ट होते, त्यामुळे कोणतेही भांडे ते संपूर्ण राखू शकत नाही, आणि ज्या घरात भाजीचे पाणी फेकतच नाहीत, रस्सा म्हणून भातावर घेतात, तिथे हा फायदा विक्रेता सांगतो त्याहून पुष्कळच कमी असतो. आपल्याकडची बहुतेक भाजी अशीच केली जाते. लाभ सर्वाधिक त्यांना आहे, जे भाजी उकडून, निथळून घेतात.

‘तेलाशिवाय’ हा दावा अर्धवट आहे. तळाला भाजी चिकटू नये म्हणून तेल लागत नाही हे बरोबर, परंतु तांबड्या भोपळ्यातले किंवा पालेभाज्यांतले बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थातच विरघळते आणि सोबत थोडा स्निग्धांश असेल तरच शरीर ते नीट शोषून घेते. चमचाभर खोबरेल किंवा मूठभर नारळ त्यासाठी पुरतो. तेवढाही वगळण्यात आरोग्याचे काही साधत नाही.

प्रात्यक्षिकात कधी कधी अॅल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या भांड्यांत खाण्याचा सोडा घातलेले पाणी उकळून चाखायला देतात. अॅल्युमिनियमच्या भांड्यातले पाणी कडवट, धातूसारखे लागते आणि पाहणारा घाबरतो. सोड्याचे पाणी अल्कधर्मी असते आणि ते अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवते. आपण मात्र सोड्याचे पाणी रांधून खात नाही. अॅल्युमिनियममुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालेले नाही. तरीही सोलं, चिंच, व्हिनेगर ज्यात आहे असे पदार्थ साध्या अॅल्युमिनियममध्ये शिजवू वा ठेवू नयेत हा सल्ला योग्य आहे, कारण आम्लातही तो धातू थोडा उतरतो. योग्य सल्ल्यासाठी भीती घालण्याची गरज नसते, आणि स्वयंपाकघरातल्या बाईला घाबरवून वस्तू विकणे मला अतिशय गैर वाटते.

गॅसच्या बचतीचा हिशेब घरी करता येतो. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो एलपीजीपासून साधारण ४६,००० किलोज्यूल मिळतात आणि चांगल्या शेगडीवर त्यातला दोन तृतीयांश भाग भांड्याला पोहोचतो असे धरले, तर ते लिटरभर पाणी तापवायला जवळजवळ दहा ग्रॅम गॅस जळतो. रोज एक लिटर पाणी कमी तापवले तर वर्षाला साडेतीन किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा पाव भाग वाचेल. पण त्याच हिशेबाने उघड्या टोपातून फक्त पाव लिटर पाणी वाफ होऊन गेले तर त्यावर अठरा ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, म्हणजे लिटरभर पाणी तापवण्याच्या जवळजवळ दुप्पट. झाकण ठेवण्यातली बचत पाणी न घालण्यातल्या बचतीपेक्षा मोठी आहे, आणि झाकण प्रत्येक घरात आहे.

घ्यायचे झाल्यास, आणि घेतल्यावर

संच घेण्याआधी घरातल्याच जाड बुडाच्या टोपावर घट्ट बसणारे सपाट झाकण किंवा पाण्याचे ताट ठेवून भोपळा किंवा कोबी करून पाहावा. पद्धत आवडली, हाताला आचेचा अंदाज आला, तर मग चांगले भांडे घ्यावे, आणि तेही पूर्ण संच नव्हे तर घरातल्या माणसांच्या मापाचे एक किंवा दोन टोप. चांगल्या भांड्याचा आतला थर ३०४ प्रतीच्या स्टीलचा असतो, ज्याला १८/८ किंवा १८/१० असेही म्हणतात. यातला पहिला आकडा क्रोमियमची आणि दुसरा निकेलची टक्केवारी सांगतो. स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वापरलेले असते आणि समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत त्यावर डाग लवकर पडतात. ‘सर्जिकल स्टील’ हे नाव ऐकून जास्त पैसे देऊ नयेत, त्या नावाला ठरलेली अशी प्रत नाही. लोहचुंबकाची परीक्षाही अपुरी आहे: इंडक्शनवर चालावे म्हणून चांगल्या भांड्याचा बाहेरचा थर मुद्दाम चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा करतात, आतला ३०४ चा थर सहसा चिकटत नाही. स्टीलच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १४७५६ हे मानक आहे, त्याचा शिक्का पाहून घ्यावा. झाकण काठावर ठेवून बोटाने एका बाजूला दाबावे. दुसरी बाजू उचलली गेली तर ते झाकण वाफ धरणार नाही.

ज्यांना निकेलची अॅलर्जी आहे, म्हणजे नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने कातडीवर पुरळ येते, त्यांनी आंबट पदार्थ स्टीलमध्ये तासन्‌तास शिजवू नयेत, कारण आम्लात निकेल अल्प प्रमाणात उतरते. नव्या भांड्यातून ते अधिक उतरते आणि वापरागणिक कमी होत जाते. इतरांना याची चिंता करण्याचे कारण नाही. आंबट तिखटाची आमटी किंवा विंदालू अशा मंडळींसाठी मातीच्या कुंडल्यात करावे, चवीलाही ते चांगलेच असते.

नवे भांडे प्रथम गरम पाणी आणि थोड्या व्हिनेगरने धुऊन घ्यावे, त्याने कारखान्यातले तेल निघते. रिकामे भांडे मोठ्या आचेवर विसरू नये. त्यावर निळसर-सोनेरी झाक येते. ती झाक आणि उकळलेल्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके लिंबाच्या फोडीने किंवा चिंचेच्या कोळाने निघतात. मिठाचा डाग मात्र निघत नाही. गार पाण्यात जाडे मीठ टाकून ते तळाशी तसेच पडू दिले, तर त्या कणांखालचा क्रोमियमचा संरक्षक थर क्लोराइडमुळे तुटतो आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, जे घासून जात नाहीत. मिठागरातले जाडे मीठ वापरणाऱ्यांनी ते नेहमी उकळी फुटल्यावर घालावे आणि लगेच ढवळावे. याच कारणाने खारवलेली कैरी, लोणची, सुंगटांचे (कोळंबीचे) मोल किंवा बालचांव ही लोणच्यासारखी मीठ आणि आंबट दोन्ही असलेली जिन्नसे स्टीलच्या डब्यात साठवू नयेत. त्यासाठी चिनी मातीची किंवा काचेची बरणीच वापरावी.